चांगोच्या पाठीचे डोळे

पनवेलात टांगे होते तेव्हा चांगो म्हात्र्याच्या टांग्याला मोठा मान होता. लाइन आळीतल्या बायका आपली पोरं शाळेत धाडायच्या ती चांगोच्याच टांग्यातून. बाकीचे टांगेवाले बिचारे रस्त्याकडे डोळे लावून बसायचे. चांगो रस्त्याला पाठ करून, मागे तोंड फिरवून पोरांना भुताच्या गोष्टी सांगायचा आणि तरीही त्याच्या टांग्याचं चाक कधी कुणाच्या पायाला लागलं नव्हतं. "चांगोच्या पाठीला डोळे आहेत हो," असं बायका म्हणायच्या. हे चांगोच्या कानावर गेलं, आणि मग तर त्याने पुढे बघणं सोडूनच दिलं.

डोळे होते खरे, पण ते साळूचे. साळू म्हणजे त्याची तांबडी घोडी. हायवेला लागायच्या आधी एका गोदामाच्या भिंतीआड आंधळं वळण होतं. तिथे साळू रोज अडायची. कान टवकारायची, नाकपुड्या फुलवायची आणि कळंबोलीचा लोखंडी सळया लादलेला ट्रक खडखडत पुढून गेला की मगच पाऊल उचलायची. चांगोची गोष्ट ऐन रंगात आलेली असायची आणि ही आपली खांबासारखी उभी. "हट् आळशे!" म्हणून तो चाबकाचा एक फटका ओढायचा. एकदा ट्रक इतका जवळून गेला की पोरांच्या टोप्या उडाल्या. बघणाऱ्यांनी चांगोची पाठ थोपटली, "काय अंदाज आहे गड्या!" चांगोने मिशीवर ताव दिला. साळूला त्या दिवशीचा फटका आधीच मिळालेला होता.

पुढे साळू म्हातारी होऊन मेली, टांगेही गेले, आणि नव्वदच्या सुमारास चांगोने रिक्षा घेतली. पहिल्याच दिवशी बायकोला, हौसाला, मागे बसवून तो वडाळे तळ्याकडे फेरी मारायला निघाला. जुन्या सवयीने मागे वळून तिच्याशी गप्पा सुरू केल्या. रस्ता वळला, पण रिक्षाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तळं दिसलं तेव्हा चांगो "हो, साळू, हो!" करत हँडल लगामासारखं मागे ओढत होता. दोघं गुडघाभर पाण्यात उभी राहिली.

हौसाने लुगड्याचा ओचा पिळला आणि म्हणाली, "तुमी कंदी टांगा हाकलाच नाय. साळू हाकीत व्हती. तुमी नुसती बडबड करीत व्हता."

पाण्यापेक्षा हे बोलणं चांगोला जास्त झोंबलं, कारण ते खरं होतं.

पन्नाशीला टेकलेला चांगो मग गाडी हाकायला शिकू लागला, आणि गुरू केलं ते मेलेल्या घोडीला. साळू जिथे बिचकायची तिथे तो वेग कमी करायचा, आणि तिथे काहीतरी निघायचंच. कुठे मोरीचा कठडा खचलेला, कुठे झाडाच्या दाट सावलीत ट्रकमधून गळलेलं तेल. गोदामाच्या वळणावर तो इंजिन बंद करून कान देऊ लागला. पहिल्यांदा भिंतीआडून सळयांचा खडखडाट ऐकू आला तेव्हा साळूला मारलेला एकेक फटका त्याला आठवला. त्याला रडू फुटलं. मागे बसलेल्या शाळेच्या पोरांना दिसू नये म्हणून घाम पुसल्यासारखं करत त्याने तोंडावरून रुमाल फिरवला.

गोष्टी मात्र बंद पडल्या. पोरं कंटाळली, शाळेला उशीर होऊ लागला आणि आळीत कुजबूज सुरू झाली. एका संध्याकाळी निनाद आणि अनुयाची आई, रमाताई, त्याच्या घरी आल्या.

"काका, राग मानू नका, पण तुम्ही आता थकलात. कोपऱ्याकोपऱ्यावर थांबता काय, इंजिन बंद काय करता! मुलं घाबरतात हो."

ज्याने कधी पुढे पाहिलं नाही तो उस्ताद होता. त्याने डोळे उघडले आणि त्याचं नाव गेलं.

"उद्यापासून त्या अंकुश रिक्षावाल्याला सांगितलंय," रमाताई पुढे म्हणाल्या. "तरुण आहे, आणि काय कॉन्फिडन्स! पुढे बघतसुद्धा नाही, मुलांशी गप्पा मारत नेतो. अगदी तुमच्यासारखा. पाठीला डोळे आहेत त्याच्या."

चांगो ताडकन उठला. "ताई, नका धाडू पोरांना. त्याच्याकडं साळू नाय."

"कोण साळू?"

"माजी घोडी."

रमाताईंनी हळहळून मान हलवली. म्हाताऱ्याला भ्रम झालाय, तेव्हा आपला निर्णय योग्यच, असं मनाशी ठरवून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी भरलेली अंकुशची रिक्षा निघाली. टेप जोरात लावलेला, एक हात हँडलवर, तोंड मागे. इतक्यात चांगोची रिकामी रिक्षा तिच्या पुढे येऊन लागली आणि रस्त्याच्या मधोमध रेंगाळत चालू लागली. अंकुश डावीकडे गेला की ती डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे. हॉर्न वाजवून तो दमला. निदान त्यामुळे त्याचं तोंड पुढे तरी झालं.

गोदामाच्या वळणावर चांगोने रिक्षा आडवी उभी केली आणि इंजिन बंद केलं. अंकुशने करकचून ब्रेक दाबला.

"ए म्हाताऱ्या!" तो बोंबलला. "घोडा हायेस का काय, असा अडून बसायला?"

पोरं खिदळली. त्यात निनाद आणि अनुयाही होती.

चांगोने मागे वळून पाहिलं नाही. भिंतीकडे कान लावून तो ट्रक जायची वाट बघत बसला.