परातीतला वड

मंडळी, मला अक्षर येत न्हाय. मी सांगतेय, नात टाइप करतेय.

आमच्या ह्यांनी परातीत दगडांचा डोंगर मांडून त्यावर वीतभर वड वाढवला होता. म्हणायचे, "चीनमध्ये लई जुन्या काळच्या एका राजपुत्राच्या थडग्यात भिंतीवर असंच चित्र हाय. चाकरानं दगड नि झाडाचं तबक हातात धरलंय."

मी चिडवायची, "तुमच्या मागं ही परात मीच धरायची की!"

ते गेले. परात मी सांभाळली.

आज वटपौर्णिमा. सूनबाईनं पूजेसाठी तो वड बुडापासून कापला. म्हणाली, "आई, उन्हात फांदी कुठं शोधू? घरचाच होता की."

ह्यांनी दोरीनं वळवलेली एकेक फांदी पाटावर पडली होती. त्या फांद्यांपुढं हात जोडून ती माझ्याच लेकाला आयुष्य मागत होती.

सांगा, तिला रागावू कशी?