पिशवी नव्हे, आतडं

सीटी स्कॅन बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "कांताबाई, गर्भपिशवी चांगली आहे. दुखतंय ते मोठं आतडं." सासूबाईंनी तिथंच हात जोडले. ऊसतोडीला जाणाऱ्या आम्हा बायांना पोट दुखलं की पिशवी काढावी लागेल हीच भीती वाटते. मीही तीच भीती घेऊन घाटनांदूरहून अंबाजोगाईला आले होते.

मागचे दोन हंगाम डावीकडं खाली दुखायचं, ताप यायचा. गोळी खाऊन उसाच्या मोळ्या वाहिल्या. या खेपेला हंगामाआधीच उभं राहवेना. आजाराचं नाव डायव्हर्टिक्युलायटिस. आतड्याच्या भिंतीला बारीक फुगे येतात आणि ते सुजतात, पिकतात.

आधी सलाईनमधून औषधं देऊन सूज उतरवली. ऑपरेशन दीड महिन्यानं ठरलं, नेमकं ऊसतोडीची टोळी निघायच्या दिवसांत. नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडं 'एक कोयता' म्हणतात. अठरा वर्षं आमचा कोयता मोडला नव्हता. नवरा, म्हणजे आमचे मालक, थांबतो म्हणाले. टोळी अडेल म्हणून मीच त्यांना दिराबरोबर पाठवलं. ट्रक वळणावर गेला तेव्हा धावत जाऊन मागं चढावंसं वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मॅडमनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. खराब तुकडा काढून दोन टोकं जोडायची. त्या जोडाला ॲनास्टोमोसिस म्हणतात. तो भरून यायला तिथं रक्त पोचावं लागतं. "कॅन्सर नाही, म्हणून मोठी आर्टरी, म्हणजे रक्त नेणारी धमनी, आपण तोडणार नाही. तिच्या फांद्याच तेवढ्या आतड्याजवळ कापू."

सासूबाई म्हणाल्या, "म्हंजी पाट फोडायचा न्हाई. सरीला पानी जायला पायजे."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस घोट घोट पाणी. चौथ्या दिवशी अंग तापलं. जोड सुटला तर पोट पुन्हा उघडावं लागतं, हे मला माहीत होतं. रक्त तपासायला नेलं. मालकांचा फोन आला, तर मी बरं आहे म्हणाले. रेंज मिळावी म्हणून ते कालव्याच्या भरावावर चढून बोलत होते, मागं बैलगाड्यांचा आवाज येत होता. हात कापणारी उसाची पाती, पाचटाच्या झोपडीतली, आमच्या कोपीतली थंडी, या सगळ्याला मी अठरा वर्षं शिव्या दिल्या. त्या दिवशी खाटेवर पडून मला तेच हवं होतं. शेजारच्या सरीत त्यांचं खोकणं ऐकू यायला हवं होतं.

रिपोर्ट ठीक आला. ताप सलाईनच्या सुजलेल्या शिरेमुळं होता. पाचव्या दिवशी वारा सरला. सिस्टर म्हणाल्या, आतडं चालू झालं. लाज सोडून मी फोनवर सांगितलं. मालक मोठ्यानं हसले.

बायांनो, डावीकडं दुखून ताप येत असेल तर अंगावर काढू नका. काय दुखतंय, त्याचं नाव विचारून घ्या. मला माझ्या मॅडम वेळेवर भेटल्या, सासूबाईंनी लेकीसारखं केलं. हे उपकार फिटायचे नाहीत.

संक्रांतीनंतर मॅडमनी सगळं खायची आणि प्रवासाची मुभा दिली, पण वजन उचलायचं नाही म्हणाल्या. मोळी न्यायची नाही तर उसाच्या फडात जाऊन काय करू, असं मी फोनवर म्हणाले. मालक म्हणाले, "मोळी कुनी बी उचलंल. तू नुसती ये."

मी गेले. दुपारची वेळ होती. मला बघून त्यांनी कोयता खाली ठेवला, हात धोतराला पुसले आणि जवळ आले.

"जेवन जातंय का आता?" त्यांनी विचारलं.

"जातंय," मी म्हणाले. "पन एकटीला न्हाई जात."