ढगांसोबत आलेली अक्षरं

“हे मशिनचे पासपोर्ट फोटो आहेत,” असं म्हणून नाडकर्णी साहेबांनी माझे सगळे प्रिंट टेबलावरून माझ्याकडे परत सरकवले.

त्यांचं खोटं नव्हतं. मी रोज पासपोर्ट फोटोच काढायचो. तेव्हाच्या औरंगाबादला सिटी चौकाजवळ रफिकभाईंचा स्टुडिओ होता, तिथं मी नोकरीला होतो. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, हनुवटी वर, खांदे सरळ, दोन्ही कान दिसले पाहिजेत, खटॅक. वाळूजच्या त्या कारखान्यात गेलो तेव्हा लेथ मशिनलाही मी तसंच समोरून, मधोमध बसवलं होतं. कान असते तर तेही दिसले असते.

वाळूजला तेव्हा रोज नवी शेड उभी राहत होती. कालपर्यंत ज्वारी होती तिथं आज पत्रे चढायचे. नाडकर्णी साहेब त्यातल्याच एका कारखान्याचे वर्क्स मॅनेजर. त्यांना कंपनीचं ब्रोशर काढायचं होतं. ब्रोशर म्हणजे माहितीची छोटी पुस्तिका. बाहेरगावच्या पार्ट्यांना पाठवायची, म्हणजे त्या ऑर्डर देतात. आतले फोटो आधीच झाले होते. अडलं होतं ते कव्हर.

“मला जान पाहिजे,” साहेब म्हणाले. “कव्हर बघून माणसाला वाटलं पाहिजे की इथं काहीतरी घडतंय. सोमवारी दाखवा. जमलं तर कंपनीचं पुढचं सगळं काम तुमचं, आणि कव्हरवर फोटोखाली तुमचं नाव.”

फोटोखाली नाव! तोवर माझं नाव छापून आलं होतं ते फक्त मतदारयादीत. मी प्रिंट गोळा केले आणि गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेऊन बसलो. डोक्यात काहीच नव्हतं. लेथ झाली, प्रेस झाला, भट्टी झाली. आता जान कुठून आणायची?

तेवढ्यात रस्ता मेंढरांनी भरला.

एमआयडीसीत बरेच प्लॉट विकले गेले होते, पण बांधायचे राहिले होते. धनगरांचे कळप रानात मेंढरं बसवायला निघाले की जुन्या वाटेनंच यायचे. मेंढरं बसवणं म्हणजे शेतकऱ्याच्या रानात रात्री कळप मुक्कामाला ठेवायचा, लेंडीखत रानाला मिळतं आणि धनगराला धान्य. मधल्या काळात त्यांच्या वाटेवर कारखाने उगवले होते, पण मेंढरांना ते कोणी कळवलं नव्हतं. वॉचमन काठी आपटत होता, एक टेंपो हॉर्न वाजवत होता आणि कळप आपल्या चालीनं चालला होता. मी चहा तसाच ठेवून उठलो.

कळपामागं हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. तिचं नाव गिरजाबाई, हे मला मागून कळलं. मी कॅमेरा उचलला तशी ती थांबली.

“फोटू कशाला? पोलिसाला दावायला व्हय?”

ते दिवसच तसे होते. नामांतराचं आंदोलन चालू होतं. विद्यापीठाचं नाव बदला अशी मागणी, तिला तेवढाच विरोध, मोर्चे, बंद, आणि मध्येच कुठंतरी जळलेली घरं. गळ्यात कॅमेरा असला की लोक आधी विचारायचे, कोणत्या बाजूचा? मग विचारायचे, पोलिसांचा तर नाही?

“नाय मावशी, कंपनीच्या पुस्तकात छापायचाय.”

“आमची मेंढरं कंपनीत काय काम करत्यात रं?” ती हसली. “आज ऊन उतरलं. काढायचा तर सकाळी ये. भोंगा वाजतो तव्हा आम्ही हितूनच जातोय. सोमवारी मुक्काम हालनार, मंग नाय घावायचो.”

रात्रभर मला झोप नाही. सकाळी भोंग्याच्या कितीतरी आधी मी कंपनीच्या कंपाउंडसमोर उभा होतो. परतीचा पाऊस नुकताच होऊन गेलेला, आभाळ धुतल्यासारखं निळं आणि त्यात पांढरे ढग, पिंजलेल्या कापसाचे ढीगच्या ढीग. ब्रोशर ब्लॅक अँड व्हाइट छापायचं होतं, म्हणून मी लेन्सवर नारिंगी फिल्टर चढवला. फिल्टर म्हणजे रंगीत काच. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला निळं आभाळ आणि पांढरे ढग जवळजवळ सारखेच दिसतात, सगळं फटक. नारिंगी काच निळा रंग अडवते. मग आभाळ गडद येतं आणि ढग उठून दिसतात.

भोंगा झाला. एका बाजूनं बजाजनगरकडून सायकलींचा लोंढा आला, डबे हँडलला लटकवलेले. दुसऱ्या बाजूनं मेंढरं. मधोमध गाठ पडली आणि कोणीच मागं सरेना. घंट्या, शिव्या, मेंढरांची बें-बें, धूळ! मी धावत होतो, गुडघ्यावर बसत होतो, परत उठत होतो. पासपोर्ट काढताना मी माणसाला हलू नको म्हणायचो. इथं कोणी थांबतच नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच कोणी थांबू नये असं वाटत होतं. एक कामगार उशिराच्या भीतीनं वैतागला, त्यानं सायकल उचलून खांद्यावर घेतली आणि गुडघाभर मेंढरांतून तो पाण्यातून चालावं तसा चालू लागला. गिरजाबाई त्याच्याकडे बघून तोंडाला पदर न लावता खळखळून हसली. मागं कंपनीची लांबलचक पांढरी भिंत आणि वर सगळे ढग.

मी बटण दाबलं. फोटो काढल्या क्षणी कळतं म्हणतात, ते मला तोवर थाप वाटायचं. त्या दिवशी कळलं. परतीच्या बसमध्ये मी कॅमेरा पोटाशी धरून एकटाच हसत होतो.

डार्करूममध्ये रफिकभाईपण आले. तिथं लाल दिव्यात काम चालतं. कोरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा आणि ट्रे हलकेच हलवत राहायचा. चित्र हळूहळू वर येतं. आधी सायकल आली. मग मेंढरं, मग गिरजाबाईचे दात. ढग आले तशी रफिकभाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

“वा रे विलास, क्या चीज बनाया!”

आणि मग ढगांखाली, पांढऱ्या भिंतीवर, अक्षरं येऊ लागली. एकेक हातभर मोठं अक्षर.

‘नामांतर झालेच पाहिजे.’

“ये किदर से आया?” रफिकभाई ट्रेवर वाकले. “भीत पे तो कुच नै था बोला तू.”

नव्हतंच. मला तरी दिसलं नव्हतं. दुसऱ्या प्रिंटच्या वेळी डोक्यात उजेड पडला. पोरं घोषणा लिहायची ती नीळ पाण्यात कालवून. स्वस्त पडायची, घरात असायची. मागं कधीतरी ती लिहिली गेली असणार, कंपनीनं वरून चुन्याचा हात मारला असणार, आणि पावसानं चुना थोडा धुतला असणार. डोळ्याला भिंत पांढरीच दिसत होती. पण खालची फिकट निळाई होती तिथंच. नारिंगी काचेनं आभाळाचं निळं जसं गडद केलं, तसंच भिंतीवरचंही केलं.

मी बौद्ध घरातला. माझी थोरली बहीण मोर्चात जाऊन लाठी खाऊन आली होती, आणि तिच्या भीतीनं आमची आई कडी वाजली तरी दचकायची. मी मात्र कामाचं निमित्त सांगून या सगळ्यापासून लांब राहायचो. त्या लाल उजेडात ती अक्षरं वर येताना बघून माझ्या अंगावर काटा आला. आनंद झाला, अगदी खरा आनंद. आणि त्याच्या पाठोपाठ सोमवार आठवला.

सोमवारी साहेब प्रिंट बघून खुर्चीतून उठलेच.

“हेच! हेच म्हणत होतो मी. जुनं चाललंय, नवं येतंय. आणि काय ढग आहेत हो!” मग त्यांचा चष्मा खाली आला. “हे काय?”

“भिंत आहे, साहेब. आपलीच.”

“आपल्या भिंतीवर असलं काही नाही.”

ते तडक खाली गेले, मी मागं. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहिले. जवळून तर काहीच दिसत नव्हतं. त्यांनी बोटानं चुना खरवडून बघितला. येणारे-जाणारे कामगार थबकून बघायला लागले, तसे ते परत वर आले. मी त्यांना फिल्टरची भानगड समजावली.

“मग फिल्टर काढा आणि पुन्हा घ्या. सोपं आहे.”

कळपाचा मुक्काम त्या सकाळी हलायचा होता, पण गिरजाबाईची एक मेंढी व्यायला टेकली होती, म्हणून त्यांचा एक दिवस वाढला. मंगळवारी मी पुन्हा गेलो. पुन्हा भोंगा, पुन्हा सायकली. गिरजाबाई म्हणाली, “आज बी? त्या दिसाची मेंढरं खराब आली व्हती का?” फिल्टरशिवाय रोल संपवला. फोटो वाईट नव्हते. अक्षरं गायब. आभाळही गायब, नुसता पांढरा कागद. त्याखाली माणसं आणि मेंढरं कुणीतरी कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी.

साहेबांनी दोन्ही प्रिंट शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघितले. मग त्यांनी मला नको होता तोच प्रश्न विचारला.

“याचे ढग त्याच्यात टाकता येतात का?”

येतात. एका निगेटिव्हचं आभाळ आणि दुसरीची जमीन एकाच कागदावर छापता येते. रफिकभाईंनी असं करून एका नवरदेवाला ताजमहालापुढं उभं केलं होतं. नाही म्हणून खोटं सांगितलं असतं तर माझी तिथंच सुटका झाली असती.

“येतं, साहेब,” मी म्हणालो. “पण मी करणार नाही.”

“का?”

मी प्रिंटमधल्या भिंतीवर बोट ठेवलं. “ते मी लिहिलेलं नाही. मी मुद्दाम काढलेलंही नाही. आपोआप आलंय. आता ते माझ्या हातानं पुसलं तर मला घरी बहिणीपुढं बसून जेवता येणार नाही.”

साहेब चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“विलास, माझ्याकडं दोन्ही बाजूंची माणसं एका लाईनवर काम करतात. आतापर्यंत एकाचाही हात दुसऱ्यावर उठलेला नाही. मी हे कव्हर छापलं आणि उद्या उठला, तर तुमचा फोटो येणार आहे का आवरायला?”

त्यांची भीती खरी होती. माझंही खरं होतं. मग त्यांनी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि पहिल्या प्रिंटवर आडवी ठेवली, भिंतीच्या बरोबर वर.

“एवढं चालेल तुम्हाला?”

असं माझं पहिलं कव्हर छापलं गेलं. फोटोचा वरचा भाग, म्हणजे नुसते ढग, त्याखाली कंपनीचं नाव, आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत माझं. बघणाऱ्याला वाटावं कंपनी ढगच बनवते. पुढचं काम दुसऱ्या स्टुडिओला गेलं.

मी तोंड पाडून स्टुडिओत आलो. रफिकभाईंनी अख्ख्या निगेटिव्हचा भलामोठा प्रिंट काढायला लावला, फ्रेम केली आणि शोकेसमधली नवरी उतरवून तिथं लावली. शोकेस म्हणजे रस्त्याकडची काचेची खिडकी. बंदच्या दिवशी दगड पहिला तिथंच बसायचा.

“रफिकभाई, काच फुटेल.”

“फूटा तो दूसरा लगाएंगे,” ते म्हणाले. “कांच तो बाजार में मिलता. ऐसा फोटू मिलता क्या?”

पहिले काही दिवस मी रस्त्याकडं पाठ करून कामच करू शकलो नाही. काचेसमोर कोणी उभं राहिलं की माझा हात थांबायचा. वाळूजचे कामगार थांबायचे आणि खांद्यावर सायकल घेतलेला कोण यावर भांडायचे. आमच्या वस्तीतली पोरं अक्षरांवरून नजर फिरवून मुकाट्यानं निघून जायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुणाला घेऊन यायची. एकजण रागानं बघत बराच वेळ उभा होता. मग आत आला आणि म्हणाला, पासपोर्ट काढायचाय. मी त्याची हनुवटी वर केली, खांदे सरळ केले आणि काढला.

माझी बहीण आली ती सांगून आली नाही. मी आतून बघत होतो. ती काचेला नाक लावून उभी राहिली. आत आली तेव्हा म्हणाली, “शेवटच्या अक्षराचा दांडा बघ कसा खाली घसरलाय. मी शिडीवर होते, कुणीतरी शिट्टी मारली आणि पळालो आम्ही.”

काच फुटली नाही. त्यानंतर मी स्टुडिओ उघडायच्या आधी रोज सकाळी कॅमेरा घेऊन रस्त्यावर फिरायला लागलो, ते अजून चालू आहे. धंद्यातलं एक शहाणपण तेवढं सांगतो. ढगांसाठी फिल्टर लावणार असाल तर आधी भिंत नीट बघून घ्या, आणि ती कुणी लिहिली ते घरी विचारून घ्या.