गफारची कडी

गफार अकरा हिवाळे बदकांच्या पायांत कडी घालत होता, आणि अकरा हिवाळ्यांत एकाही कड्याची खबर आली नव्हती. मुंबईच्या कुणा साहेबानं हे काम त्याच्या गळ्यात मारलं होतं. तेरखेड्याजवळच्या तळ्यावर जाळं लावायचं, बदक धरायचं, पायात आकडा नि पत्ता कोरलेलं कडं चढवायचं आणि द्यायचं सोडून. पुढं ज्याला सापडेल तो कड्यावरच्या पत्त्यावर कळवील, मग पाखरं जातात कुठं ते कळेल. निजामाच्या मुलखात इंग्रजी पत्ता वाचणार कोण, हे साहेबाला सुचलं नव्हतं.

बायको शरिफाबी टपालाच्या दिवशी हटकून विचारी, "आली का खबर?" पोटी मूल नाही, घरात बोलायला तेवढाच विषय. गेल्या वर्षी तीही गेली. आता गफारचे गुडघे गार पाण्यात टिकत नव्हते आणि मनही विटलं होतं.

उरलेली कडी फेकवेनात, म्हणून तो ती घेऊन तळ्याकाठच्या दर्ग्यात गेला.

"चाचा, ठिवा तुमच्यापाशी. माझ्यानं न्हाय होत आता."

म्हातारे मुजावर चाँदपाशा उठले. त्यांनी कोनाड्यातलं गाडगं आणून पालथं केलं. आत नऊ कडी!

"लोकांना घावली तशी आणून दिली. मूल व्हावं म्हणून तू पाखरांना कडी घालून मन्नत मागितली, असंच समदे समजत व्हते. मन्नतीचं कुणी बोलून दाखवतंय व्हय?"

"कुठनं आणली, चाचा?"

"ते कशाला इचारू?"

गफारनं कडी मोजून पाहिली. अकरा वर्षांची खबर घरापासून शंभर पावलांवर पडून होती, आणि आता तिचा काही उपयोग नव्हता. त्याला रडूच आलं.

"ह्ये एक ठावं हाय," चाँदपाशांनी एक कडं उचललं. "शरिफाबीनं आणलेलं. बदक हितंच लव्हाळ्यात मरून पडलं व्हतं. तुझा जीव तुटंल म्हणून तुला सांगितलं न्हाय. कुठनं तरी खबर येऊ दे, म्हणली पिराला."

गफारनं डोळे पुसून कडं उजेडात धरलं. अक्षरं वेगळीच होती. हे कडं त्याचं नव्हतंच. कुठल्या तरी लांबच्या तळ्यावर कुणीतरी ते चढवलं होतं आणि तोही वाट पाहत असणार.

दुसऱ्या दिवशी त्यानं ती अक्षरं एकेक करून पाकिटावर उतरवली. आत आपल्या उर्दूत लिहिलं, "तुमचं बदक आमच्या तळ्यापर्यंत आलं होतं. माझ्या बायकोला सापडलं."