चौथ्या भागात बुडालेला नावाडी

ट्राउगॉट केम्पे आमच्या गावचा नावाडी. वेर्रा नदीच्या आमच्या काठाला दुसरा नावाडी नव्हताच, आणि सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी ड्यूकसाहेबांच्या वाद्यवृंदात बासून वाजवायचो. माणसाएवढं उंच लाकडी वाद्य, आवाज सर्दी झालेल्या पाद्र्यासारखा. त्या हिवाळ्यात आमचे संगीतप्रमुख श्टाइनमार यांनी नवी सिंफनी रचली. नुसत्या सुरांवर तेव्हा कोणाचं भागत नव्हतं. सुरांतून गोष्ट सांगायची आणि ती छापून श्रोत्यांच्या हातात द्यायची, अशी पद्धत पडली होती. पत्रकात होतं: नदीवरची पहाट, जत्रेतला नाच, वादळ, आणि चौथ्या भागात गावचा म्हातारा नावाडी बुडतो. तो नावाडी म्हणजे माझं बासून. मी एकेक सूर खाली उतरत जायचो, तळाच्या सुरावर थांबायचो. मग झांज. मग शांतता.

लोक हुंदके देऊन रडले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका मयताच्या घरी नेतात तसे लोण्याचे केक घेऊन केम्पेच्या दारात उभ्या. त्याची बायको ओटिली म्हणाली, "अहो, परत कसे पाठवायचे? बरं दिसतं का ते?" केम्पेनं दोन तुकडे खाल्ले.

रविवारी पाद्रीबाबांनी केम्पेच्या शोकाकुल कुटुंबासाठी प्रार्थना केली. केम्पे तिसऱ्या बाकावर होता. त्यानंही आमेन म्हटलं.

पण नावेत कोणी बसेना. गिरणीवाली काठावरूनच म्हणाली, "तुमच्यावर राग नाही हो, केम्पेकाका. पण बुडालेल्या माणसाच्या नावेत बसायचं म्हणजे..."

"अगं, मी बुडालो नाही."

"मी स्वतःच्या कानांनी ऐकलं ना."

सगळे दोन कोस लांबच्या पुलावरून जाऊ लागले, ड्यूकसाहेबांच्या पत्नीसुद्धा. शेवटी केम्पे मला घेऊन श्टाइनमारसाहेबांकडे गेला.

"साहेब, मला वाचवा."

"ते शक्य नाही, केम्पे. वादळात नाव फुटलीय."

"एखादी फळी तरी द्या हाताशी."

"फळी वाजवणार कोण?"

मी म्हटलं, "व्हायोलावाले तेव्हा रिकामेच असतात, साहेब."

"व्हायोला म्हणजे नदीतला गाळ," ते करड्या आवाजात म्हणाले. "मी एक सूरही बदलणार नाही."

"सुरांना हात लावू नका," केम्पे म्हणाला. "पत्रक बदला."

 श्टाइनमारसाहेबांनी दौत जवळ ओढली.

पुढच्या प्रयोगाच्या पत्रकात होतं: "नावाडी पाण्यात सूर मारतो आणि पोहत पैलतीर गाठतो." मी तेच सूर वाजवले, तसाच खाली उतरलो. पहिल्या रांगेतले वनाधिकारी शेजाऱ्याला म्हणाले, "म्हाताऱ्याचा दम बघा." टाळ्या थांबेनात. तळाच्या सुरावर मीही पाय मारत होतो, याची मला अजून लाज वाटते.

नाव पुन्हा भरून जाऊ लागली. त्याच आठवड्यात गावच्या व्यायाममंडळानं केम्पेला पोहण्याचा शिक्षक नेमलं. खरं तर केम्पेला पोहताच येत नव्हतं. पण हे सांगायचं कोणत्या तोंडानं? तो काठावर उभा राहायचा, शिष्याच्या कमरेला दोर, दोराचं टोक लांब काठीला, काठी याच्या हातात, आणि ओरडायचा, "हात लांब. पाय बेडकासारखे." तीन उन्हाळ्यांत अकरा जण शिकले.

चौथ्या उन्हाळ्यात, एकसष्टाव्या वर्षी, त्यानं दोर स्वतःच्या कमरेला बांधला आणि काठी माझ्याकडे दिली. "धर. आणि कोणाला बोलू नकोस." पहिले पंधरा दिवस मी त्याला नुसता वर ओढत होतो. ऑगस्टात त्यानं दोर सोडला आणि भर दुपारी, काठावर प्रवासी उभे असताना, नदी पार केली.

ओटिली पायवाटेवरून हाक मारत आली, "अहो, नाव इकडेच राहिली."

तो पलीकडच्या गवतावर उताणा पडला होता. त्यानं नुसता हात वर केला. प्रवासी, त्यांच्यात एक शेळीही होती, तासभर थांबले. कोणी कुरकुर केली नाही.