सावधान म्हणणाऱ्या विहीणबाई

एकाच नवरानवरीला चौदा वेळा मुंडावळ्या बांधून उभं करणारी बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि ती माझी विहीण आहे, हे मी कुणालाही मान ताठ करून सांगते. नवरा म्हणजे त्यांचा थोरला लेक, नवरी म्हणजे माझी लेक. लग्न एकदाच झालं, आमच्या घाटनांदुरात, चारचौघांसारखं रीतसर, वैशाख वद्य पंचमीला, दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर. पण विहीणबाईंच्या लेखी ते अजून नीट लागायचंय. दरसाल ती तिथी आली (तारीख नाही बरं का, तिथी, त्यामुळं कोणत्या इंग्रजी महिन्यात कोणत्या वारी हे पंचांगाला आणि विहीणबाईंनाच माहीत) की त्यांच्या नांदूरघाटच्या अंगणात आम्ही सगळे नटूनथटून वैशाखाच्या उन्हात ओळीनं उभे. लेकीच्या अंगावर लग्नातला शालू, जावयांना शेरवानी, व्याह्यांना फेटा. घड्याळात बारा पस्तीस झाले की विहीणबाई कॅमेरा डोळ्याला लावतात. "हसा" म्हणत नाहीत. "सावधान!" म्हणतात, ते असं की गोठ्यातली म्हैससुद्धा कान टवकारते, आणि मग बटण दाबतात.

आता हे असं का, तर त्याला आमच्या दोन गावांची नावं कारण. आमचं घाटनांदूर, त्यांचं नांदूरघाट. एक अंबाजोगाई तालुक्यात, दुसरं केज तालुक्यात. नावाचे डबे दोन्हीकडं तेच, नुसता पुढचा मागं जोडलाय. आमच्या भागातल्या माणसाला त्यात काही वाटत नाही, पण बाहेरचा माणूस हमखास फसतो. जावयांच्या दोस्तानं लग्नासाठी पुण्याकडचा फोटोग्राफर ठरवला होता, लई भारी म्हणून. लग्नाच्या सकाळी वऱ्हाड टेम्पोत चढतंय, कुणाच्या हातात रुखवत तर कुणाच्या हातात लेकरू, अशा गडबडीत त्याचा फोन आला आणि तो विहीणबाईंच्या हाती लागला. "मावशी, गाव कोणतं म्हणालात तुमचं?" असं त्यानं विचारलं. विहीणबाईंनी खरं तेच सांगितलं, "आमचं व्हय? नांदूरघाट." झालं! वऱ्हाड निघालं घाटनांदूरला आणि फोटोग्राफर पोचला नांदूरघाटला. बरं, तिथं त्या दिवशी लग्न नसतं तर तो परत तरी फिरला असता. पण तिथंही मांडव होता, बँड होता, फेट्यातला नवरा होता, मुंडावळ्यांतली नवरी होती. त्यानं बिचाऱ्यानं जीव ओतून त्या लग्नाचे फोटो काढले, बुंदी खाल्ली आणि संध्याकाळी निघून गेला. इकडं आमच्या मांडवात सगळे माना वळवून वळवून वेशीकडं बघतायत. मुहूर्त काय कुणासाठी थांबतो का? दोघाचौघांकडं फोटोवाले मोबाइल होते, त्यांतल्या एकात नवरीची पाठ आली, एकात भटजी आणि एकात नुसता आंतरपाट.

महिन्यानं अल्बम आला. जाड पुठ्ठ्याचा, वर सोनेरी अक्षरं. मी तेव्हा तिथंच होते. लेक एकेक पान उलटत गेली. पानापानावर परकी माणसं, हसतायत, जेवतायत, अक्षता टाकतायत. शेवटचं पान मिटून ती उठली आणि चुलीपुढं जाऊन बसली. पाठ आमच्याकडं. रडायचा आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. विहीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सूनबाई, गावाचं नाव म्या सांगितलं. फोटो बी मीच देणार तुला." दुसरी सासू असती तर फोटोग्राफरच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाली असती. ह्यांनी तो अल्बम पदराखाली धरला, त्या परक्या लग्नाचं घर शोधून काढलं आणि नवरीच्या हातात नेऊन दिला. त्या घरी आता दोन अल्बम आहेत. आमच्या घरी विहीणबाई आहेत.

त्यांनी भावाकडून एक जुना डिजिटल कॅमेरा आणला. शिकवायला कोण होतं? चौथी शिकलेली बाई, आयुष्य खुरप्यात आणि धारा काढण्यात गेलेलं. त्यांनी म्हशीवर हात बसवला. मी म्हटलं, "विहीणबाई, म्हैसच का हो?" तर म्हणाल्या, "म्हैस हालत न्हाई, तोंड वाकडं करीत न्हाई, आन् माजा चांगला न्हाई आला असं म्हनत न्हाई." वर्षभर त्या म्हशीचे इतके फोटो निघाले की तेवढे माझ्या चार भावंडांचे मिळून नसतील. पहिल्या तिथीला मात्र म्हैस सुटली आणि आमची पाळी आली. जागा ठरलेल्या. मधे नवरानवरी, डावीकडं मी आणि पांढऱ्या टोपीतले आमचे मालक, उजवीकडं व्याही. कपडे लग्नातलेच पाहिजेत, हा नियम. सहाव्या वर्षापासून जावयांची शेरवानी मिटेना, तर पाठीमागं उसवून तिथं पिनांची रांग लावली. समोरून नवरदेव, मागून बघितलं तर वाळत घातलेलं धोतर. व्याही दरसाल कुरकुरतात, "लोकं पोराचं लगीन लावून मोकळे होत्यात. मी हाय की दरसाल वरबाप!" त्यावर विहीणबाई कॅमेऱ्यातूनच सांगतात, "मग फेटा नीट बांदा, वरबाप. डावीकडं लोंबतंय."

पुढं नात झाली, नातू झाला, तेही ओळीत आले. नातीनं शाळेत बाईंना ठासून सांगितलं की आईबाबांच्या लग्नात मी आईच्या कडेवर होते. बाईंनी लेकीला बोलावून घेतलं. काय समजावणार? विहीणबाईंना मात्र ते ऐकून आनंद झाला. "खोटं काय बोलली? होतीच की ती," म्हणाल्या. माणसं वाढली तशा त्या मागं सरकत गेल्या. पहिल्या वर्षी आमच्यापासून चार पावलांवर उभ्या होत्या, आता गोठ्याच्या भिंतीला पाठ टेकते तेव्हा कुठं सगळे मावतात. फोटो केजला नेऊन कागदावर काढून आणायचे, आणि पाठीमागं पेन्सिलीनं मोठ्या, तिरक्या अक्षरात दोन ओळी लिहायच्या. फोटो दरसाल तोच, म्हणून वर्ष ओळखायला खूण. 'जावई रुसले. रस आंबट निघाला.' 'सूनबाईच्या पायाला मुंगळा चावला म्हणून तोंड असं.' लेक काढलेला फोटो बघायची, हसायची, "छान आलाय आत्याबाई," म्हणायची. विहीणबाई तिच्याकडं बारीक डोळ्यांनी बघायच्या आणि मला हळूच म्हणायच्या, "न्हाई हो. लग्नातल्यावानी न्हाई आला. पुढल्या साली."

असं चाललं असतं अजून कितीतरी वर्षं. पण जावई बोअरच्या गाडीवर मेकॅनिक, हात सोन्याचा. त्यांच्या गाडीमालकाला आफ्रिकेत काम मिळालं, बोअर पाडायचं, तीन वर्षांसाठी, बायकालेकरं घेऊन जायची मुभा. मला तर फार अभिमान वाटला. पाण्याचा शोध घ्यायला बीडच्या माणसाशिवाय कुणाला बोलावणार? पण लेकीला न्यायचं तर लग्नाचा सरकारी दाखला पाहिजे, तो आम्ही कधी काढलाच नव्हता. लग्नपत्रिका निघाली, साक्षीदार निघाले, आणि कागदांच्या यादीत पुढं होतं, लग्नाचा फोटो. लेक-जावई दोनदा हेलपाटा मारून हात हलवत परत आले. तिसऱ्या दिवशी जेवताना लेक म्हणाली, "तुमी एकलेच जा. मी न् लेकरं राहतो इथं. तीन वर्षं काय, जातील." जावई भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसले. व्याही खालच्या आवाजात म्हणाले, "एका परीनं बरंच की. सूनबाई आन् लेकरं आपल्याजवळ राहत्याल." विहीणबाईंनी पळी कढईत ठेवली. "माज्या बोलण्यानं तिचा फोटो गेला. आता नवरा बी जाऊ देऊ व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्या, मी आणि लेक-जावई असे चौघं कचेरीत. विहीणबाईंनी कापडी पिशवीतून चौदाचे चौदा फोटो काढले आणि साहेबांच्या टेबलावर पत्ते मांडावेत तसे मांडले. साहेब तसा बरा माणूस होता. पहिला फोटो उचलून म्हणाला, "मावशी, हा लग्नातला?"

"लग्नानंतर वर्षानं. मुंडावळ्या त्याच हायत."

"पण यात मुलगी..." साहेब घुटमळला.

"सातवा म्हयना हाय तिला. लगीन होऊन वर्ष झालं व्हतं की! उगं शंका घेऊ नगा. दुसरा बघा, त्यात नात बाहेर आली."

शेजारच्या टेबलावरची बाई फसकन हसली आणि उठूनच आली. मग शिपाई आला. साहेब फोटो उलटे करून मागचं मोठ्यानं वाचायला लागला. मुंगळा आला, आंबट रस आला, शेरवानीच्या पिना आल्या. कामाला आलेली माणसंही टेबलाभोवती गोळा झाली. माझी मान नुसती ताठ. आमच्या विहीणबाईंचं अक्षर सरकारी कचेरीत वाचलं जात होतं! साहेबांनी सहावा आणि सातवा फोटो शेजारी शेजारी धरले. "हे पांढऱ्या टोपीतले सहाव्यापर्यंत आहेत. सातव्यात नाहीत."

मी खाली बघितलं. विहीणबाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "ते आमचे व्याही. ते इथवरच हायत."

साहेबांनी सातवा फोटो उलटा केला, पण ह्या वेळी मोठ्यानं वाचलं नाही. माझ्यापुढं सरकवला. पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'विहीणबाई आल्या. फोटोला उभ्या राहिल्या. एवढं पुष्कळ.' मी तो कधी उलटून बघितलाच नव्हता. सात वर्षं माझ्यापुढं होता.

साहेबांनी बाकीचे फोटो गोळा केले. मग म्हणाला, "पत्रिका आहे, साक्षीदार आहेत. आणि मावशी, इतका लग्नाचा पुरावा ह्या टेबलावर आजवर कुणी आणलेला नाही." त्यानं पहिला फोटो, पोटासकट, अर्जाला लावून घेतला. बाहेर आल्यावर लेक पायरीवर थांबली. "आत्याबाई, लग्नातल्यावानी एकच कशाला पायजे होता? तसला सगळ्यांकडं असतो. माझ्याकडं चौदा हायत." विहीणबाईंनी पिशवीचे बंद नीट केले, सोडले, पुन्हा बांधले.

दिवाळी करून ती चौघं गेली. पोचल्याचा फोन आला, तिथली माती आपल्यासारखीच लाल-काळी आहे म्हणाली लेक, पहिल्याच बोअरला पाणी लागलं म्हणाले जावई. गावभर सांगितलं विहीणबाईंनी. मला वाटलं, यंदा तिथी तशीच जाईल. तरी माझा पाय घरात ठरेना. इस्त्रीचं लुगडं नेसले आणि सकाळच्या एसटीनं नांदूरघाट गाठलं. बघते तर अंगण सारवलेलं, व्याही फेटा बांधून बाजेवर बसलेले. "चला, वधूमाय आल्या," म्हणाले. बारा पस्तीसला आम्ही उभे राहिलो. मी माझ्या जागेवर, डाव्या टोकाला. ते त्यांच्या, उजव्या. मधे सगळं रिकामं अंगण, नुसतं ऊन. विहीणबाई कॅमेरा घेऊन मागं मागं जात गोठ्याच्या भिंतीला टेकल्या.

व्याही ओरडले, "आगं, जवळ ये की! दोघंच तर हावोत."

"दोघं कशी? गप उभे राहा. आन् तिकडं सरका जरा, लेकराच्या जागेत आलाव."

व्याही सरकले. मीसुद्धा पदर सावरून नीट उभी राहिले. फोटो निघाला. आम्ही दोघी भिंतीच्या सावलीत जाऊन तो बघायला लागलो. ह्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी मी, त्या कडेला तेवढेच व्याही, मधे अंगण. विहीणबाईंनी पदरानं कॅमेऱ्याची काच पुसली, पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "बरा आलाय, न्हाई का? ह्या बारीला कुणाचेच डोळे मिटलेले न्हाईत."