नकाशेबाई आणि आमचा चौकोन

नकाशेबाई चालता चालता मध्येच थांबत. पायाखाली बांध असो की चिखल, सकाळची ठरलेली वेळ झाली की पिशवीतून हातभर यंत्र काढून सूर्याकडे धरत आणि वहीत आकडा लिहीत. त्या वेळी डोक्यावरून फोटो काढत उपग्रह जातो म्हणे. "वर तो, खाली आपण, मध्ये धूळ आणि धूर. तेवढा वजा केल्याशिवाय खालचं खरं कळत नाही," असं त्या सांगत. वीटभट्ट्या पेटल्या की त्यांचा आकडा बदले आणि बाई खूश होत. मी म्हणायचो, "मॅडम, आमचा खोकून जीव जातोय आणि तुम्हाला आनंद!"

मी त्यांचा मोटारसायकलवाला. दोन पोरांचा बाप आणि हाताला काम नाही. पेण ते रोहा, खाडीकाठच्या वाटा दाखवायला त्यांनी मला धरलं. उपग्रहाच्या फोटोंवरून केलेला रंगीत चौकोनांचा नकाशा घेऊन त्या प्रत्येक चौकोनात स्वतः पाय ठेवून बघत. "वरून भातही हिरवं आणि खाडीतले तिवरही हिरवे. पायालाच विचारावं लागतं." गुडघाभर चिखलात बिनधास्त उतरणारी शहरातली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. आई म्हणे, "येडी हाय, पन गुनाची हाय."

मग आमचा चौकोन आला. शेतालगतचा खाडीचा बांध फुटला होता आणि दुरुस्तीचा कागद कुठल्या टेबलावर अडकला होता, देव जाणे. भरतीचं खारं पाणी आत येत राहिलं. भात गेलं, तिवर उगवले, बघता बघता कमरेएवढे झाले. कांदळवन म्हणून ते नकाशावर चढलं की संपलंच. झाड तोडायचं नाही, बांध घालायचा नाही, पेरायचं नाही. सातबाऱ्यावर नाव आमचं आणि आम्ही बांधावर उभे! इकडे आड, तिकडे विहीर.

मी सरळ विचारलं, "मॅडम, हा एक चौकोन भात लिहा ना. कुणाचं काय जातंय?"

"एक खोटा लिहिला तर बाकीचे कुणी खरे का मानावेत?"

"मग बघायला आलात कशाला?"

त्यांनी वही मिटली. परत फिरायला गेल्या तर पाय चिखलात रुतलेले. राग डोक्यात होता, तरी हात द्यावाच लागला. आज मी धाटावला कंपनीत शिफ्ट करतो. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण बाई खोटं बोलल्या असं मला कधी म्हणता आलं नाही.

अहवाल पाठवायच्या आधी त्या स्वतः घरी आल्या. बाबांसमोर बसून म्हणाल्या, "आबा, मी तिवर लिहिलंय. बांध फुटल्यावर उगवले, आधी इथं भात होतं, हेही लिहिलंय. पण ते कुणी वाचेल असं वचन मी देऊ शकत नाही."

बाबांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "उंद्या जेवाला ये, बाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माळ्यावरून पेंढ्याचा मुडा उतरवला. त्यात राता भाताचं बियाणं होतं, खाऱ्या जमिनीत तग धरणारं. एक वेळ उपाशी राहू, पण बियाणं शिजवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. आई आडवी आली. "अवो, बियानं हाय ते! कुनी शिजवतं का?"

"पेरू कुठं?" बाबा ओरडले. "सांग ना गो, कुठं पेरू?"

आई बाजूला झाली. मुडा गिरणीवर मीच घेऊन गेलो. वाटभर रडलो, त्यात लाज कसली!

दुपारी बाई मांडी घालून जेवायला बसल्या. लालसर भाताचा पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे चमकले.

"आबा, हा खाऱ्यातला राता ना? आता फार कमी दिसतो हो. याचं बियाणं जपून ठेवा हं."

आई उठून आत गेली. मला ताटावरून नजर उचलवेना. बाबांनी पातेलं पुढे ओढलं आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

"जेव गो बाय," ते म्हणाले, "पोटभर जेव."